विश्लेषण : आजोबांच्या घड्याळाची खरी किंमत किती? जुने घड्याळ कसे ओळखायचे, कसे तपासायचे?

वाड्याची आवरासावर होते, वाटणी होते किंवा जुने लोखंडी कपाट रंगवायला काढले जाते आणि त्यातून एखादे बंद पडलेले घड्याळ निघते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा गावांतील जुन्या घरांना हा प्रसंग नवा नाही. ‘याचे लाखात पैसे येतील’ असे एक जण सांगतो, तर ‘भंगारात घाला’ असे दुसरा. दोघांनीही घड्याळ उघडून पाहिलेले नसते. मग ते एक तर सोन्याच्या वजनावर जाते, नाही तर ‘चकाचक’ करून आणले जाते. दोन्हीत नुकसान होण्याची शक्यता मोठी. दुसरीकडे मोबाइलवर ‘अँटिक’, ‘व्हिंटेज’, ‘स्विस ओरिजिनल’ अशा जाहिराती पाहून जोडून-रंगवून तयार केलेली घड्याळे विकत घेणारेही कमी नाहीत. घड्याळ कोणते, खरे की बनावट आणि किंमत किती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते याच क्रमाने सोडवावे लागतात.

बीडच्या घरांत कोणती जुनी घड्याळे सापडू शकतात?

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजच्या अंबाजोगाईचे तेव्हाचे नाव मोमिनाबाद आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. परळीपर्यंत निजामाची रेल्वे आली होती. देशमुख-देशपांडे, वकील, सावकार, रेल्वे आणि छावणीतील नोकरदार हा त्या काळी घड्याळ बाळगणारा वर्ग. त्यामुळे पहिला थर खिशातल्या साखळीच्या घड्याळांचा. यात चांगली स्विस आणि इंग्लिश घड्याळे असतात, तशीच ‘रॉस्कॉफ’ पद्धतीची साधी घड्याळेही असतात. स्वित्झर्लंडमधील जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ याने १८६७ मध्ये कामगारांना परवडेल असे कमी भागांचे घड्याळ बाजारात आणले. पुढे त्या पद्धतीची घड्याळे अनेकांनी प्रचंड संख्येने बनवली. मोठे आकडे आणि जाड केस असलेले हे घड्याळ घरोघरी ‘रेल्वेचे घड्याळ’ म्हणून ओळखले जाते. ते जुने खरे, पण दुर्मीळ नाही.

दुसरा थर मनगटी स्विस घड्याळांचा : वेस्ट एंड, फेवर ल्युबा, रोमर, टिटोनी, टिसॉट, कॅमी इत्यादी. तिसरा आणि सर्वांत मोठा थर एचएमटीचा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळूरु येथे १९६१ मध्ये एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावे पुढे लग्नातला आहेर आणि सेवानिवृत्तीची भेट यांच्याशी जोडली गेली. हैदराबादच्या ऑल्विन कंपनीने जपानच्या सिकोच्या सहकार्याने बनवलेली घड्याळेही मराठवाड्यातील घरांत असू शकतात. एचएमटीच्या घड्याळ कंपन्या बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला आणि त्यानंतर याच घड्याळांकडे संग्राहकांचे लक्ष वळले.

डायलवरचे नाव म्हणजे बनवणारी कंपनी का?

नेहमीच नाही. जुन्या घड्याळांच्या डायलवर अनेकदा विक्रेत्याचे नाव असते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तासागणिक गर्दी खेचणारे संगीत घड्याळ कोलकात्याच्या ‘कुक अँड केल्व्ही’ या पेढीच्या नावाने प्रसिद्ध आहे. अशा पेढ्या घड्याळे मागवत, जोडत आणि आपल्या नावाने विकत. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव ऐकून ती लंडनची वाटते. प्रत्यक्षात ती स्वित्झर्लंडच्या सेंट इमिए गावाशी जोडलेली आणि १८८६ पासून मुंबईत व्यवहार करणारी कंपनी. तिच्या घड्याळांत वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या स्विस कारखान्यांची मशीन बसवलेली आढळतात. तिचे ‘सोवार’, म्हणजे घोडेस्वार, हे मॉडेल पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हिंदी सैन्यामुळे गाजले. फेवर ल्युबाची मुळे १७३७ पर्यंत मागे जातात आणि १८६५ पासून तिचा मुंबईशी संबंध सांगितला जातो. त्यामुळे डायलवर ‘बॉम्बे’ लिहिलेले दिसले म्हणून घड्याळ इथे बनले असे होत नाही आणि ते बनावट आहे असेही नाही.

खरी ओळख डायलच्या मागे असते. मागचे झाकण, झाकणाची आतली बाजू आणि मशीन या तीन ठिकाणचे शिक्के, क्रमांक व नावे एकमेकांशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय घड्याळ ‘ओळखले’ असे म्हणता येत नाही. झाकणाच्या आत सुईने कोरल्यासारखी बारीक अक्षरे किंवा आकडे दिसले तर घाबरू नये. दुरुस्ती करणारे घड्याळजी पूर्वी आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवत. घड्याळ नियमित उघडले, साफ केले गेले, याचा तो पुरावाच असतो.

वय कसे ठरते?

डायलवर छापलेल्या स्थापना-वर्षावरून घड्याळाचे वय काढणे ही सर्वांत नेहमीची चूक. ते वर्ष कंपनीचे असते. वय ठरते ते रचनेवरून. वेगळ्या किल्लीने चावी द्यावी लागणारे खिशातले घड्याळ साधारणपणे एकोणिसाव्या शतकातले. पुरुषांमध्ये मनगटी घड्याळ सर्रास झाले ते पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर. धक्का सोसणारी ‘इनकाब्लॉक’ रचना १९३०च्या दशकातली. म्हणून मशीनवर ती असेल तर घड्याळ ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ असू शकत नाही. सेलवर चालणारे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सिकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आणले. त्यामुळे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ त्याआधीचे नाही.

अंधारात चमकणारा रंगही तारीख सांगतो. आपल्याकडे अशा प्रत्येक रंगाला ‘रेडियम’ म्हणतात, पण खरे रेडियम साधारण १९६०च्या दशकापर्यंत वापरात होते. नंतर ट्रिटियम आले आणि डायलच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे रोमन अक्षर छापले जाऊ लागले. १९९०च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेले रंग आले. १९५०च्या दशकातील म्हणून विकले जाणारे घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तो रंग नंतर भरलेला आहे. रेडियमचे किरणोत्सर्गी आयुष्य निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. चमक गेली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. म्हणून जुन्या डायलवरचा तपकिरी पडलेला रंग नखाने खरवडणे, फुंकर मारून साफ करणे किंवा ते घड्याळ मुलांना खेळायला देणे टाळावे. त्याची पूड श्वासातून आत जाणे हा खरा धोका आहे.

सोन्यासारखे दिसणारे घड्याळ सोन्याचेच असते का?

बहुतेक वेळा नाही. केसच्या आत ‘गोल्ड फिल्ड’, ‘रोल्ड गोल्ड’, ‘प्लेटेड’, ‘मायक्रॉन’ किंवा ‘गॅरंटीड १० इयर्स, २० इयर्स’ असे लिहिलेले असेल तर तो साध्या धातूवरचा सोन्याचा थर आहे. त्या गॅरंटीतली वर्षे थर किती काळ टिकेल याची आहेत. अशा केसचे वितळवून फारसे काही हाती येत नाही. भरीव सोन्यावर ‘१८ के’ किंवा ०.७५०, ‘१४ के’ किंवा ०.५८५, ‘९ के’ किंवा ०.३७५ असे शिक्के असतात. स्वित्झर्लंडमध्ये १८८० पासून सरकारी शिक्क्यांची पद्धत सुरू झाली : १८ कॅरेट सोन्यासाठी हेल्व्हेशिया या स्त्रीचे मस्तक, १४ कॅरेटसाठी खार, तर चांदीसाठी अस्वल किंवा रानकोंबड्यासारखा पक्षी. भिंगातून पाहिल्यास या आकृतींच्या कडा रेखीव दिसतात. नकली शिक्का सहसा पसरट, धूसर असतो.

भारतात दागिन्यांना हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी ‘एचयूआयडी’ क्रमांक बंधनकारक आहे, पण घड्याळांना त्यातून सूट आहे. त्यामुळे ‘हॉलमार्क नाही म्हणजे सोने नाही’ हा सराफाच्या दुकानातला तर्क इथे लागू पडत नाही. एक्सआरएफ यंत्रावर केस न कापता, न वितळवता पृष्ठभागावरील सोन्याचे प्रमाण तपासता येते. मात्र जाड थराच्या घड्याळात हे यंत्रही फसू शकते, म्हणून आतला शिक्का आणि यंत्राचा आकडा दोन्ही पाहावेत.

हिशेब सोपा आहे. मशीन, काच काढून १८ कॅरेटच्या केसचे वजन २० ग्रॅम भरले, तर त्यात शुद्ध सोने १५ ग्रॅम. ही झाली घड्याळाची किमान किंमत. पूर्ण घड्याळाच्या वजनावर सोने धरणारा विक्रेता खरेदीदाराला फसवतो आणि मशीनची किंमत शून्य धरणारा खरेदीदार मालकाला.

‘मुंबई स्पेशल’ म्हणजे काय?

जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द कुप्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या बंद घड्याळांतले सुटे भाग एकत्र करायचे, डायल नव्याने रंगवून त्यावर नाव छापायचे, केस घासून चकचकीत करायची आणि ते ‘रिस्टोअर्ड व्हिंटेज’ म्हणून ऑनलाइन विकायचे, असा हा प्रकार. एचएमटी, फेवर ल्युबा, वेस्ट एंड, सिको, सिटिझन, रिको ही नावे यात हमखास सापडतात. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे भगवे, हिरवे, निळे डायल, विमानाची किंवा सैन्याची चित्रे, ही त्यांची ठळक ओळख.

या प्रकाराचे मूळ मात्र केवळ फसवणुकीत नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके घड्याळे आणि सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. स्विस घड्याळाचा काटा तुटला, डायल काळवंडला, चावी झिजली तर मूळ भाग मिळणे दुरापास्त. मग घड्याळजी मिळेल तो काटा बसवत आणि डायल रंगवून देत. मालकाला वेळ दाखवणारे, नव्यासारखे दिसणारे घड्याळ हवे असे. त्यामुळे घरातल्या घड्याळाचा डायल रंगवलेला निघाला म्हणून आजोबांना कुणी फसवले असे समजण्याचे कारण नाही. तेच घड्याळ आज ‘फॅक्टरी ओरिजिनल’ म्हणून विकणे ही मात्र फसवणूक ठरते.

रंगवलेला डायल ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, शाई जाड किंवा पसरलेली. मिनिटांच्या रेषा असमान अंतरावर. नावाची अक्षरे किंचित तिरकी. तळाशी असणारी ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ गायब किंवा अर्धी कापलेली. कडेला रंगाचा ओघळ. काट्यांची लांबीही पाहावी. मिनिट काटा मिनिटांच्या रेषेपर्यंत आणि तास काटा आकड्यांच्या आसपास पोहोचायला हवा. डायल कोरा करकरीत आणि आतले मशीन गंजलेले असेल, तर दोघांचे आयुष्य वेगवेगळ्या घड्याळांत गेले आहे हे उघड होते. एचएमटी ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळात मशीनवर एचएमटीचे नाव आणि मशीनचा क्रमांक असतो. तो नसेल किंवा दुसऱ्याच कंपनीचा असेल तर पुढे बोलणे व्यर्थ.

महागड्या ब्रँडची ‘फर्स्ट कॉपी’ कशी ओळखायची?

‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द बाजाराने नकलेला दिलेला गोड पर्याय आहे. पहिली असो वा दहावी, ती नक्कलच. तिच्याबाबत काही समजुती धोकादायक आहेत. सेकंद काटा टकटक न करता सरकत फिरला म्हणजे घड्याळ अस्सल, ही त्यातली पहिली. चांगल्या नकलांमध्ये आज मेकॅनिकल ऑटोमॅटिक मशीन असते, त्यामुळे काटा त्यांतही सरकतच फिरतो. घड्याळ जड असणे, काच न ओरखडणे, सोबत डबा आणि वॉरंटी कार्ड असणे याही कसोट्या आता पुरत नाहीत. डबे-कार्डांच्याही नकला होतात आणि एकच अस्सल क्रमांक शेकडो नकलांवर छापला जातो.

खात्री होते ती दोन ठिकाणी. एक, झाकण उघडून मशीन पाहिल्यावर : घडणीची सफाई, स्क्रूच्या खाचा, कोरीव अक्षरांची खोली आणि त्या मॉडेलमध्ये त्या काळी कोणते मशीन बसत असे याचा मेळ. दोन, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात. तेथे नकली घड्याळ दुरुस्तीला घेतले जात नाही. हजारो-लाखो रुपये देण्याआधी ‘पैसे देण्यापूर्वी सेवा केंद्रात तपासू’ ही अट विक्रेत्यापुढे ठेवावी. ती मान्य नसेल तर व्यवहार तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

सगळे भाग अस्सल, तरी घड्याळ बनावट?

असे होऊ शकते आणि तज्ज्ञही फसू शकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातील फिलिप्सच्या लिलावात १९५०च्या दशकातील एक ओमेगा ‘स्पीडमास्टर’ ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला विकले गेले. ऊन-हवेने तपकिरी झालेला डायल हे त्याचे आकर्षण. विकत घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झाले की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि त्यामागे कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे ओमेगाने सांगितले. अशा जोडघड्याळाला ‘फ्रँकेनवॉच’ म्हणतात. ‘मुंबई स्पेशल’ आणि हे कोट्यवधींचे घड्याळ यांच्यातला फरक सफाईचा आहे, जात एकच.

म्हणून तपासणीचा प्रश्न ‘भाग खरे आहेत का’ एवढाच नसतो. हे सर्व भाग पहिल्या दिवसापासून एकत्र होते का, हा त्याहून महत्त्वाचा. काही जुन्या कंपन्या आपल्या नोंदवह्यांतून, घड्याळाच्या क्रमांकावरून ते कधी बनले आणि कोणत्या बाजारपेठेत पाठवले गेले याचा उतारा देतात. लाँजिन आणि पाटेक फिलीप यांच्या नोंदी त्यासाठी ओळखल्या जातात. पण असा उतारा त्या क्रमांकाचे घड्याळ कधी काळी बनले होते एवढेच सांगतो. हातातले घड्याळ तेच आहे याची हमी तो देत नाही.

किंमत नेमकी कशावर ठरते?

वय हा त्यातला सर्वांत कमजोर घटक. शंभर वर्षांचे रॉस्कॉफ घड्याळ पन्नास वर्षांच्या चांगल्या मनगटी घड्याळापेक्षा स्वस्त असू शकते. किंमत ठरते ती मॉडेल किती दुर्मीळ, मागणी किती, भाग किती मूळ, डायलची अवस्था कशी, केस किती वेळा घासली गेली आणि कागदपत्रे कोणती, यावर. यात डायलचे वजन सर्वाधिक. थोडा पिवळसर, डाग पडलेला मूळ डायल नव्याने रंगवलेल्या झळाळत्या डायलपेक्षा संग्राहकाला जास्त मोलाचा वाटतो. केस पॉलिश केली की धारदार कडा गोल होतात, कोरीव अक्षरे पुसट होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणजे विकण्याआधी ‘जरा चकाचक करून घेऊ’ या विचाराने मालक स्वतःच्याच हाताने किंमत कमी करत असतो.

‘किंमत’ हा शब्दही एकच अर्थाचा नाही. धातूची मोड, दुकानदार खरेदी करतो तो दर, दुकानदार विकतो तो दर, विम्यासाठी धरलेले मूल्य आणि लिलावातली बोली, या पाच वेगळ्या रकमा आहेत. दुकानदाराला दुरुस्ती, भाडे, हमी आणि नफा काढायचा असतो. त्यामुळे त्याचा खरेदी दर विक्री दरापेक्षा बराच कमी असणारच. बातम्यांत येणाऱ्या लिलावाच्या रकमेत खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन, अनेकदा बोलीच्या पाव हिश्श्याच्या आसपास, मिळवलेले असते. मालकाच्या हाती ती रक्कम पडत नाही. मोबाइलवर दिसणारी किंमत तर केवळ विक्रेत्याची मागणी. ‘अशाच घड्याळाला ५ लाख मागितले आहेत’ आणि ‘अशाच घड्याळाचे ५ लाख मिळाले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाहायचे ते पूर्ण झालेले व्यवहार.

साधारण अंदाज बांधायचा तर कोट्यवधींच्या संख्येने बनलेल्या एचएमटीच्या नेहमीच्या मॉडेलचा व्यवहार हजारांत होतो, लाखांत नाही. लाखांचा दावा करणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

घराण्यातली कथा किती मोलाची?

पुरावा असेल तर अमूल्य, नसेल तर शून्य. हॉलीवूड अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स ‘डेटोना’ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले. पत्नीने त्याला ते भेट दिले होते, मागे ‘सांभाळून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरले होते आणि न्यूमनच्या मनगटावर ते असल्याची छायाचित्रे उपलब्ध होती. त्याच प्रकारची इतर घड्याळे त्याच्या आसपासही पोहोचत नाहीत.

हाच नियम इथेही लागू होतो. ‘पणजोबा मोमिनाबादच्या छावणीत होते, हे त्यांचे घड्याळ’ या वाक्याला वजन येते ते नेमणुकीचे पत्र, घड्याळ घातलेला जुना फोटो, खरेदीची पावती, मागे कोरलेले नाव-तारीख किंवा मृत्युपत्रातील उल्लेख असेल तेव्हा. रेल्वेची आद्याक्षरे कोरलेली घड्याळेही बाजारात येतात आणि असे कोरीव काम नंतर करून घेणे अवघड नाही. जुन्या कोरीव अक्षरांच्या खाचांत मळ बसलेला आणि कडा झिजलेल्या असतात. ताजी अक्षरे धारदार आणि आतून चमकदार दिसतात. आवरासावरीत रद्दीत जाणाऱ्या पावत्या आणि फोटो यामुळेच आधी पाहून घ्यावेत. घड्याळापेक्षा ते आधी हरवतात.

कायदा काय सांगतो?

‘अँटिक’ हा शब्द जाहिरातीत सैल वापरला जातो, पण कायद्यात त्याला मोजमाप आहे. पुरावशेष आणि कलामूल्य वस्तू कायदा, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी, कला, कारागिरी किंवा विज्ञानाचा नमुना ठरणारी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. बेकायदा निर्यातीला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. १९२०च्या आसपासचे खिशातले घड्याळ ऑनलाइन विकून परदेशी कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. शंभर वर्षांखालच्या घड्याळाला ‘व्हिंटेज’ म्हणणे योग्य.

बनावट ब्रँड लावून माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. खोटे सांगून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ लागू होऊ शकते, तर दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेत्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. त्यासाठी पावती हवी आणि पावतीवर ब्रँड, मॉडेल, क्रमांक आणि ‘मूळ डायल’ किंवा ‘रंगवलेला डायल’ असा स्पष्ट उल्लेख हवा. १० लाख रुपयांपेक्षा महाग मनगटी घड्याळ विकताना विक्रेत्याने १ टक्का टीसीएस घेण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून आहे. ‘बिल नको, कमी करून देतो’ म्हणणारा विक्रेता ग्राहकाचा पुरावाही त्याच वाक्यात काढून घेतो.

विकण्याआधी आणि घेण्याआधी काय करावे?

विकणाऱ्याने पहिले काम म्हणजे काहीच न करणे. चावी जोराने फिरवू नये, झाकण चाकूने उचकटू नये, पॉलिश करू नये, डायल पुसू नये, जुना पट्टा आणि डबा फेकू नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळातले तेल सुकलेले असते. ते जबरदस्तीने चालवले तर भाग झिजतात. विश्वासू घड्याळजीकडून समोर बसून झाकण उघडून घ्यावे आणि मोबाइलवर सहा फोटो काढावेत : डायल, बाजूने केस व चावी, मागची बाजू, झाकणाची आतली बाजू, मशीन आणि पट्टा अडकवण्याच्या टोकांमधील जागा. नंतर किमान दोन स्वतंत्र ठिकाणी किंमत विचारावी. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस असेल तर त्याचा आकडा हा अंदाज समजावा, मूल्यांकन नव्हे. धातूची मोड आणि घड्याळाची किंमत वेगवेगळी विचारावी. सराफ पहिली सांगू शकतो, दुसरी क्वचितच.

घेणाऱ्याने हेच सहा फोटो विक्रेत्याकडे मागावेत. फोटो त्याच घड्याळाचे आहेत याची खात्री करण्यासाठी आपण सांगू त्या वेळेवर, म्हणजे सात वाजून तेवीस मिनिटांवर काटे ठेवून फोटो पाठवायला सांगावे. मशीनचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळाले असे समजावे. घड्याळ चालते का एवढ्यावर समाधान मानू नये. टायमिंग मशीनवर ते आडवे-उभे ठेवून किती पुढे-मागे पडते हे घड्याळजी काही मिनिटांत सांगतो. जुन्या चावीच्या बहुतेक घड्याळांत तासाला १८,००० टोले, म्हणजे सेकंदाला पाच, अशी चाल असते. दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीत धरावा. साध्या घड्याळात तो घड्याळापेक्षा जास्त होऊ शकतो.

बहुतेक घरांतली घड्याळे तपासणीनंतर साधीच निघतील. त्यांना बाजारात काही हजार मिळतील किंवा तेवढेही नाही. अशा वेळी साफसफाई, तेलपाणी करून घेऊन, मूळ डायल तसाच ठेवून, पावती-फोटोसह ते पुढच्या पिढीकडे देणे हा व्यवहाराच्या दृष्टीनेही वाईट सौदा नाही. उरलेल्या थोड्या घड्याळांत खरोखर मोलाचे काही असेल, तर ते रंगवण्यापूर्वी आणि वितळवण्यापूर्वी ओळखले जाणे महत्त्वाचे. त्यानंतर ते ओळखण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही.